पोराच्या हाती दिलेली बाटली

चिंचओढ्याची मुक्ताबाई हातभट्टीची दारू गाळायची हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं स्वतः कधी थेंब चाखला नाही, हेही ठाऊक होतं. मलकापूरच्या पलीकडं, कोयनेच्या काठी वसलेलं ते लहानसं गाव. दारूबंदीचा कायदा होता, पण कायदा कराडच्या कचेरीत होता आणि भट्टी ओढ्यात होती. मधल्या वाटेवर कुणी फारसं फिरकत नसे.

तिचा नवरा धोंडिराम साखर कारखान्यावर बैलगाडीनं ऊस वाहायचा. एका हिवाळ्यात ओढ्याच्या उतारावर भरली गाडी कलंडली आणि तो खाली सापडला. पोरगा अर्जुना तेव्हा नुकता चालायला लागला होता. मुक्ताबाईनं चार वर्षं लोकांच्या रानात भांगलण केली, ऊस बांधला, शेण काढलं. धोंडिरामचा एक दूरचा चुलता ओढ्यात भट्टी लावायचा. त्याचे डोळे अधू झाले तसा तो तिला म्हणाला, "सूनबाई, मला आता जाळ दिसत न्हाई. तू बग. पोराला तरी दोन वेळचं मिळंल."

तिनं दोन दिवस विचार केला आणि पदर खोचला.

काळा गूळ आणि नवसागराचा वास तिच्या लुगड्यातून कधी गेला नाही. पण तिचे काही नेम होते. दारात बसून कुणाला पिऊ द्यायची नाही. बायकोला मारून आलेल्याला ती हाकलून द्यायची. आणि पोरासोरांना द्यायची नाही. "मिसरूड फुटल्याबिगर माझ्या दारात यायचं न्हाई," असं ती ठणकावून सांगायची. या नेमाला एकच पळवाट होती. बापानं पोराला धाडलं असेल तर ती पोराच्या हाती बाटली द्यायची. बाप घरी पिणार, पोरगं नुसतं वाहून नेणार, त्यात काय बिघडलं, असं तिला वाटायचं. गावात सगळ्यांनाच तसं वाटायचं.

अर्जुना हुशार निघाला. गावात नवी माध्यमिक शाळा झाली होती. त्याचं अक्षर इतकं वळणदार की शाळेच्या फळ्यावरचा सुविचार तोच लिहायचा. मुक्ताबाईला अक्षरओळख नव्हती. पण शाळेपुढून जाताना ती थांबायची, आत डोकावायची आणि "ह्ये माज्या अर्जुनानं काडलंय," असं वाटेनं जाणाऱ्या बाईला सांगायची.

सन चौसष्टच्या गांधी जयंतीला शाळेची प्रभातफेरी निघाली. त्या आठवड्यात दारूबंदीचा प्रचार करायचा असं वरून आलं होतं. लालासाहेब गुरुजींनी पाट्या रंगवून घेतल्या. अक्षर अर्जुनाचं, म्हणून पुढची पाटी त्याच्याच हातात. "बाटली फोडा, घर सांभाळा!" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत गल्ल्यागल्ल्यांतून निघाली. फेरी वरच्या आळीला वळली तेव्हा मुक्ताबाई दारात सडा टाकत होती. समोरून आपला पोरगा पाटी घेऊन येताना दिसला आणि ती कौतुकानं उभी राहिली. पाटीवर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं.

मागच्या पोरांनी घोषणा दिली. अर्जुनाच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यानं पाटी हळूच खाली घेतली आणि मान घालून आईसमोरून पुढं गेला. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेव्हा मुक्ताबाईला कळलं आणि हातातली बादली तिनं तिथंच ठेवली.

संध्याकाळी तो जेवायला बसला नाही.

"आये, तू हे सोड."

"सोडते की. तुजी शाळा सरू दे. मॅट्रिक हो, नोकरीला लाग, त्या दिवशी मडकी फोडते."

"तवर?"

"तवर काय? खुरप्यावर तुजी शाळा हुनार हाय व्हय रं? मी चोरी करते? कुनाच्या नरड्यात वतते?"

पोट भरतंय ते कशावर हे अर्जुनालाही कळत होतं आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती.

लालासाहेब गुरुजी मूळचे म्हसवडकडचे. अंगानं किरकोळ, स्वभावानं शांत. फेरी झाली म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांतले ते नव्हते. त्या आठवड्यातच त्यांनी नववीच्या वर्गाचं दार लावून घेतलं आणि पोरांना विचारलं, "मी कुणाला मारणार नाही, कुणाच्या घरी सांगणार नाही. खरं बोला. कितीजणांनी चव घेतलीय?"

एक हात वर आला, मग आणखी. निम्म्याच्या आसपास हात वर झालेले बघून गुरुजी खुर्चीत बसले.

"पहिल्यांदा कुणी दिली?"

"दिली न्हाई गुरुजी," एकजण म्हणाला, "बा आनायला लावतो. वाटंत येताना वाईच घोट घ्यायचा. मग पानी घालून तेवडीच करायची."

सगळा वर्ग हसला. सगळ्यांना ही युक्ती माहीत होती.

हसणाऱ्यांत गुंडाही होता. मुक्ताबाईच्या शेजारच्या बनुबाईचा तो मुलगा. उंचापुरा, हसरा, पोहण्यात पटाईत. बनुबाई आणि मुक्ताबाई एकाच वर्षी या गावात लग्न होऊन आलेल्या. एकीच्या घरचं कोरड्यास दुसरीच्या घरी गेलं नाही असा दिवस नसे. धोंडिराम गेला तेव्हा बनुबाईनंच महिनाभर अर्जुनाला आपल्या पोराबरोबर जेवू घातलं होतं. बनुबाईचा नवरा नानासो पलटणीतून पाय जायबंदी होऊन परत आलेला. संध्याकाळी त्याला बाटली लागायची आणि त्या वेळी मुक्ताबाई ओढ्यातल्या भट्टीवरच असायची. पाय ओढत ओढ्याकडं जाणं व्हायचं नाही, म्हणून गुंडा जायचा.

वर्षभर हे असंच चाललं. अर्जुनाला गुंडाच्या तोंडाला वास यायला लागला. आधी शनिवारी, मग अधल्यामधल्या वारीही. तो कवायतीला टंगळमंगळ करू लागला, गणितात मागं पडला. अर्जुनानं एका संध्याकाळी आईला सांगितलं.

"आये, गुंडाच्या हातात देऊ नगंस. त्यो वाटंत पितोय."

"गुंडा? आरं, ल्हान पोर त्ये."

"माज्या एवडाच हाय. मी डोळ्यानं बगितलंय. तू बनुकाकीला सांग."

मुक्ताबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. बनुबाईला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझा पोरगा माझी दारू पितो, असं? "बगते," ती म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्या दिवशी बनुबाई पाहुण्यांत होती, आणि पुढं दिवाळीची कामं आली. गुंडा आला की ती त्याच्या तोंडाकडं निरखून बघायची. तो हसायचा आणि तिच्या हातून बाटली सुटायची.

पासष्ट सालची सहामाही परीक्षा संपली तो दिवस. शेवटचा पेपर टाकून पोरं ओरडत बाहेर पडली. दुपारी गुंडा मुक्ताबाईच्या दारात आला.

"काकी, आबाचा पाय लय ठनकतोय. आज दोन दे म्हनालाय."

"भर दुपारी?"

"झोप न्हाई लागली त्याला रातभर."

"खरंच आबानं सांगितलंय न्हवं?"

"जोतिबाची आण."

मुक्ताबाईनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं. शेजारचंच घर होतं. भिंतीवरून एक हाक मारली असती तर बनुबाईनं ओ दिली असती. तिनं हाक मारली नाही. दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "जपून जा रं बाळा."

नानासो त्या दिवशी घरी नव्हताच. तो पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेला होता.

गुंडा आणि आणखी दोन पोरं नदीवर गेली. परीक्षा संपल्याचा आनंद होता, दोन्ही बाटल्या वाळूत रिकाम्या झाल्या. अर्जुना कपडे धुवायला थोडा वरच्या अंगाला बसला होता. कोयनेला अजून पावसाळ्याचं पाणी होतं. गुंडा रोज ज्या डोहात सूर मारायचा तिथंच त्यानं सूर मारला. वर आला, हसला, परत बुडी मारली आणि मग हात वेडेवाकडे हलायला लागले. काठावरच्या दोघांना वाटलं, चेष्टा करतोय. अर्जुनाला तसं वाटलं नाही. त्यानं उडी घेतली. गुंडाचं मनगट त्याच्या हाताला लागलंही, पण धार मोठी होती आणि गुंडा अंगानं दांडगा. मनगट निसटलं.

अर्जुना ओल्या अंगानं पळत गावात आला. आधी बनुबाईच्या दारात गेला. तिथं त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "काकी, गुंडा." आवाज ऐकून मुक्ताबाई बाहेर आली. त्यानं आईकडं बघितलं. मुक्ताबाई पुढं सांगायची, "त्येनं मला शिवी दिली न्हाई, हात उगारला न्हाई. नुसतं बगितलं. त्या बगन्यात मी मेले."

गुंडा दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या अंगाला, इंजिनघराजवळच्या झुडपात सापडला. बनुबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती कुणाला हात लावू देईना. पंधरा वर्षांच्या पोराचे केस ती बोटांनी विंचरत होती. मुक्ताबाई लांब, बांधावर उभी होती. बायकांनी तिला पुढं येऊ दिलं नाही. ती जाणारही नव्हती.

त्याच दुपारी तिनं ओढ्यात जाऊन एकेक मडकं दगडानं फोडलं. चुलता म्हणाला, "आगं, दोन महिनं गप ऱ्हा, लोक इसरत्यात." तिनं हात धुतले आणि पोलीसपाटलाच्या दारात जाऊन बसली. "माज्या हातनं दारू गेली. पोर गेलं. मला घेऊन चला," म्हणाली. कराडच्या कोर्टात साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तिनं हो म्हणून मान हलवली. साहेबांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? ती म्हणाली, "माज्या पोरानं मला आदी सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाई."

काही महिन्यांची शिक्षा झाली. साताऱ्याच्या तुरुंगात तिनं दळण दळलं. एकदा लालासाहेब गुरुजी भेटायला आले. अर्जुनाला त्यांनी साताऱ्यात एका वसतिगृहात ठेवलं होतं, शाळाही तिथलीच लावली होती. "त्याला वेळ द्या," एवढंच ते म्हणाले.

सुटली त्या दिवशी ती गावाकडची एस.टी. सोडून विचारत विचारत वसतिगृहावर गेली. सोबत काही नव्हतं, म्हणून वाटेत शेंगदाण्याचे लाडू घेतले. अर्जुना फाटकापाशी आला. उंच झाला होता. मिसरूड फुटायला लागलं होतं.

"खातोस का येवस्थित?"

"व्हय."

"हे घे."

त्यानं पुडी घेतली नाही. फाटकाच्या गजाला धरून तो उभा राहिला.

"आये, माज्या हातात त्याचं मनगट हुतं. रोज रातच्याला लागतं हाताला."

"अर्जुना..."

"तू आईच हाईस. मी न्हाई म्हनत न्हाई. पर तू इथं येऊ नगंस. तू दिसलीस की मला तो दिसतो."

तो आत गेला. मुक्ताबाई फाटकाबाहेर बराच वेळ बसली. मग लाडवाची पुडी तिनं रखवालदाराजवळ दिली आणि म्हणाली, "कुनाबी पोराला द्या."

गावात तिला सहज कुणी कामाला बोलावेना. लांबच्या वस्तीवर जाऊन ती भांगलण करायची. बनुबाईच्या आणि तिच्या घरात एक भिंत होती, पण पलीकडून शब्द येत नव्हता. भांड्यांचा आवाज यायचा, कधी नानासोचा खोकला. तो आता पीत नव्हता. कुणी सोडवायला लागलं नाही त्याला. गुंडाची शाळेची पिशवी खुंटीला होती आणि तिच्याखाली तो दिवसभर बसून असायचा.

एका सकाळी मुक्ताबाई शाळेत गुरुजींकडं गेली.

"गुरुजी, मला पोरांफुडं बोलू द्या."

"काय बोलणार?"

"झालं तेच."

गुरुजींनी शाळा समितीपुढं विषय ठेवला. समितीतली मंडळी भडकली. तुरुंगातून आलेली भट्टीवाली सरस्वतीच्या मंदिरात उभी करायची? शाळेची अब्रू काय राहील? त्यांतले दोघेजण तिच्या भट्टीचे जुने गिऱ्हाईक होते. गुरुजींनी वाद घातला नाही. "आवारात नको ना? ठीक आहे," म्हणाले. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वरच्या वर्गांना त्यांनी नदीकाठी नेलं आणि वाळूत बसवलं. समोर तोच डोह होता.

मुक्ताबाई उभी राहिली. पदर डोक्यावर ओढला. मागच्या रांगेत पोरं कुजबुजली, एकजण "भट्टीवाली" म्हणाला. गुरुजी उठायला लागले तसं तिनं त्यांना हातानंच थांबवलं.

"बरूबर हाय. मी भट्टीवाली," ती म्हणाली. "गुंडा तुमच्यातच बसायचा. त्येला मी बाटली दिली. दोन दिल्या. त्यो खोटं बोलतोय का खरं, मी इचारायला पायजे हुतं. शेजारीच घर. इचारलं न्हाई. का इचारलं न्हाई? पोर हसत हुतं, आन मला त्येच्या आईफुडं वाईट व्हायचं न्हवतं."

तिनं डोहाकडं बोट केलं.

"तुमाला कोन म्हनंल, एका घोटानं काय हुतंय. गुंडालाबी पहिल्या घोटानं काय झालं न्हाई. दुसऱ्यानं न्हाई, दहाव्यानंबी न्हाई. त्यो काय वाईट न्हवता. लय ग्वाड पोर. आमी मोटी मानसं वाईट. बानं धाडलं, मी दिली, वाटंत त्येनं चाखली. तवा माजं सांगनं येवडंच हाय. उद्या बा म्हनाला बाटली आन, तर म्हना, मी न्हाई जानार. मारू दे. मार बरा होतो. आन तुमचा दोस्त पीत आसंल तर त्येच्या घरला सांगा. चहाडी म्हनतील, म्हनू देत. माज्या पोरानं सांगितलं हुतं. त्ये ऐकनारं मानूस शानं न्हवतं, पोर शानं हुतं."

ती वाळूतच खाली बसली.

तेव्हा सगळ्यांना दिसलं की बांधावर बनुबाई उभी आहे. कुणी कळवलं होतं कोण जाणे. ती उतरून खाली आली. पोरांनी वाट दिली. मुक्ताबाईनं मान वर केली नाही. आता ही मारणार, असं तिला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं.

"मुक्ते," बनुबाई म्हणाली, "माज्या पोराला तू न्हाई मारलंस, आसं मी म्हननार न्हाई. मरूस्तवर म्हननार न्हाई. पर तू बोलत ऱ्हा."

एवढं बोलून ती निघून गेली.

त्यानंतर गुरुजी आणि मुक्ताबाई घरोघरी फिरले. गुरुजी बापाला म्हणायचे, "तुम्ही सोडा असं मी आज म्हणत नाही. पण पोराच्या हातनं आणणार नाही, एवढा शब्द द्या." काहींनी दिला. काहींनी दिला आणि मोडला. एकानं दारातूनच विचारलं, "कवापासनं मांजर हजला निघालं?" मुक्ताबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून ऐकायची. पलीकडच्या वाडीत दुसऱ्यानं भट्टी लावली होतीच. शाळा सुटली की ती त्या वाटेवर जाऊन उभी राहायची. बाटली घेऊन येणारं पोर दिसलं की त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत जायची, वाटेत त्याला घोट घेता येऊ नये म्हणून. पोरं तिला टाळायला बांधाबांधानं जायची. दोनदा दगड मारले. सगळं गाव सुधारलं असं काही झालं नाही. पण वाटेवर पोरं दिसायची कमी झाली आणि नववीच्या वर्गात गुरुजींनी पुन्हा तोच प्रश्न विचारला तेव्हा थोडेच हात वर आले. बाकीच्यांनी खरंच चव घेतली नव्हती की त्यांचे हात भीतीनं खाली राहिले, हे गुरुजींनाही सांगता आलं नाही.

दरवर्षी एकदा ती नदीकाठी बोलायची. दरवर्षी तेवढंच बोलायची आणि शेवटी वाळूतच खाली बसायची. भूकंपाच्या साली शाळेची भिंत पडली तेव्हा समितीतल्या मंडळींनीच तिला मांडवातल्या शाळेत बोलावलं. ती गेली. अर्जुना ज्यावर सुविचार लिहायचा तो फळा ढिगाऱ्यात फुटून पडला होता. ती तिथं थांबली नाही.

अर्जुना मॅट्रिक झाला, मग ट्रेनिंग कॉलेजला गेला. एकोणसत्तर साली त्याला म्हसवडला प्राथमिक शिक्षकाची नोकरी लागली. गुरुजींनी पेढा आणून मुक्ताबाईच्या हातावर ठेवला. ती म्हणाली, "शाळा बगून यिऊ का? त्येला दिसनार न्हाई आशी."

ती गेली. म्हसवडात एस.टी.तून उतरून आधी सिद्धनाथाला हात जोडले आणि शाळा विचारत गेली. सातवीचा वर्ग रस्त्याच्या बाजूला होता. खिडकीखाली भिंतीला टेकून ती बसली. आत अर्जुनाचा आवाज होता. आवाज बापाच्या वळणावर गेला होता. तो भूगोल शिकवत होता, नद्यांची नावं घेत होता. कोयना आली तेव्हा तो थांबला. मग पोरांना म्हणाला, "पुस्तक मिटा. माझा एक मित्र होता, गुंडा नावाचा. त्याच्याबद्दल सांगतो."

त्यानं सगळं सांगितलं. बाटली, वाटेतला घोट, डोह, मनगट. बाटली कुणी दिली हे एका पोरानं विचारलं.

बाहेर मुक्ताबाईनं डोळे मिटले.

"गावातल्या एका बाईनं," अर्जुना म्हणाला.

मग तो म्हणाला, "तिला पोरांची लय माया होती. मायेपोटी तिला नाही म्हणता आलं नाही. तुम्ही मात्र म्हणायला शिका."

घंटा झाली. पोरं बाहेर पडायच्या आत ती उठली आणि स्टँडकडं चालू लागली. मागून हाक यावी असं तिला वाटलं. वळून बघितलं असतं तर कदाचित तो दारात उभा दिसलाही असता. पण त्यानं येऊ नकोस म्हटलं होतं आणि ती ते मोडणार नव्हती.

कराडहून शेवटच्या गाडीनं ती फाट्यावर उतरली आणि चालत गावात आली. दिवेलागण झाली होती. बनुबाई आपल्या दारात बसली होती. मुक्ताबाई नेहमीसारखी मान खाली घालून पुढं निघाली.

"भेटलं का पोरगं?" बनुबाईनं विचारलं.

नदीकाठच्या त्या दिवसानंतर तिचा आवाज पहिल्यांदाच आपल्याकडं आला, हे कळायला मुक्ताबाईला वेळ लागला.

"न्हाई," ती म्हणाली. "ऐकलं नुसतं. ग्वाड शिकवतोय."

बनुबाईनं मान हलवली. मुक्ताबाई आपल्या घरात गेली, चूल पेटवली आणि धुरानं आल्यासारखं पाणी डोळ्यांतून वाहू दिलं.